रोपवाटिकेतली ‘झटपट कुंपणा’ची रोपं: कोकणात काय टिकतं आणि काय नाही

मे महिना सरत आला की कोकणातल्या रोपवाटिकांसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. घर नवं बांधलेलं असतं, चिऱ्याचा गडगा परवडत नाही किंवा नुसता गडगा उघडाबोडका दिसतो, आणि मागणी ठरलेली असते: लवकर वाढणारं, बाराही महिने हिरवं राहणारं कुंपण. मग समोर कोनोकार्पस, उभा अशोक, सिझिजियम, कामिनी, मोरपंखी, सुरू, कोयनेल अशी रोपं मांडली जातात आणि प्रत्येकाबद्दल तेच सांगितलं जातं, ‘दोन वर्षांत भिंत होते.’ या रोपांचा जातवार हिशोब इथे मांडला आहे. कसोटी कोकणचीच आहे: चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले आठ महिने कोरडे, खाली जांभा नाहीतर पुळण (समुद्रकाठची वाळूची जमीन), आणि किनाऱ्याजवळ खारा वारा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कुंपण चांगलं की वाईट हे जमिनीपासूनच्या पहिल्या दोन फुटांत ठरतं. वर आठ फूट हिरवंगार आणि खाली नुसत्या काठ्या असतील तर त्यातून कोंबडीही जाते आणि वासरूही. रोपवाटिकेत मात्र उंचीकडेच बघितलं जातं, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

आज सगळ्यात जास्त खपतो तो कोनोकार्पस. कटिंगपासून पटकन तयार होतो, पानगळ जवळपास नाही, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, खारं पाणी सोसतो आणि पहिल्याच वर्षी डोक्याच्या वर जातो. विकणाऱ्यासाठी याहून सोपं रोप नाही. रोपवाटिकांतून सर्रास विकली जाणारी लांबट पानांची जात मूळची सोमालिया, येमेनकडची, म्हणजे जिथे पाणी शोधत मुळांना लांब जावं लागतं तिथली. आपल्याकडेही ती तेच करते. गुजरातच्या वन विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. हिवाळ्यात फुलोरा आला की परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा वाढतो, आणि मुळं जमिनीखालच्या केबल, पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या यांत शिरतात, ही कारणं तिथे दिली गेली. कोकणातल्या घराचा विचार करा. वीस-पंचवीस फुटांत विहीर, सेप्टिक टँक आणि चिऱ्याचा पाया असं सगळंच असतं. जांभ्याने बांधलेल्या विहिरीच्या सांध्यांत मूळ शिरायला वेळ लागत नाही. आमचं मत सरळ आहे: कोनोकार्पस घेऊ नका. आधीच लावला असेल तर विहीर आणि टाकीच्या बाजूची झाडं मुळासकट काढा, कारण नुसता बुंधा कापला तर तो पुन्हा जोमाने फुटतो. बाकीची चार फुटांवर छाटून ठेवा म्हणजे फुलोरा कमी येईल, आणि त्यांच्या जागी हळूहळू दुसरं झाड आणा.

मोरपंखीची मागणी फोटो बघून येते. परदेशातल्या बंगल्यांभोवती लेलँड सायप्रसच्या किंवा थुजाच्या सरळ हिरव्या भिंती दिसतात. लेलँड सायप्रस तिकडे वर्षाला तीन फुटांपर्यंत वाढतो, पण ती थंड हवेची झाडं आहेत. आपल्याकडे ‘थुजा’ म्हणून मिळते ती मोरपंखी. जुलैच्या सततच्या ओलीत तिचा आतला भाग तपकिरी पडतो, आणि एकदा उघडं पडलेलं जुनं लाकूड पुन्हा फुटत नाही. म्हणजे पडलेलं भोक कायमचं. दाराशी कुंडीत ठेवायला ती ठीक आहे, कुंपणाला घेऊ नये.

उभा अशोक हे त्यामानाने भरवशाचं झाड. (सीतेचा अशोक तो वेगळा, केशरी-लाल फुलांचा.) बुंध्यालगत लोंबणाऱ्या फांद्यांमुळे जागा कमी लागते, आणि पूर्ण ऊन असेल तर पानांचा घेर जमिनीपर्यंत टिकतो. चार फुटांवर एक याप्रमाणे एका ओळीत लावावा. यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, खालच्या फांद्या ‘साफसफाई’ म्हणून छाटल्या जातात. त्या पुन्हा तशा भरत नाहीत आणि झाडाचा खांब होतो. दुसरी, आंब्याच्या किंवा नारळाच्या सावलीत लावला जातो. तिथे तो खालून उघडा पडणारच. विजेच्या तारांखालीही लावू नये, कारण तारांसाठी शेंडा उडवला की त्याचा सरळ आकार कायमचा जातो. समुद्रासमोरच्या पहिल्या ओळीत पानांच्या कडा जळतात. कोवळ्या पानांवर डोक्याकडे फुगीर अशा हिरव्या अळ्या दिसल्या तर घाबरून फवारा मारू नका. त्या टेल्ड जे नावाच्या फुलपाखराच्या असतात. थोडी पानं खातात आणि निघून जातात.

सिझिजियम जांभळाच्या कुळातलं. नवी पालवी तांबूस येते, ती बघूनच लोक घेतात, पण त्याचा खरा गुण कापणी सोसण्याचा आहे. कापलं की प्रत्येक टोकाला दोन-तीन फुटवे येतात. दमट हवा मानवते, मात्र नोव्हेंबर ते मे पाणी हवंच. चिपळूण, लांजा, कणकवली अशा किनाऱ्यापासून आत असलेल्या भागात, पाण्याची सोय असेल तर सहा-सात फुटांच्या आडोशासाठी यातलं सगळ्यात देखणं झाड हेच. अंतर दोन फूट. खाऱ्या वाऱ्यासमोर ते टिकत नाही.

कामिनी, म्हणजे आपली कुंती, सावकाश वाढते. तीन-चार फुटांचं दाट, सुवासिक कुंपण हवं असेल आणि थांबायची तयारी असेल तर जरूर घ्या. फक्त जवळपास लिंबाची लागवड असेल तर नको. लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कुंतीवरही पोसली जाते.

आता किनाऱ्याची झाडं, सुरू आणि कोयनेल. या दोघांबद्दल जरा सविस्तर, कारण खाऱ्या वाऱ्यात खरा इलाज यांचाच आहे आणि रोपवाटिकेत ही रोपं मागच्या कोपऱ्यात पडलेली असतात.

सुरूची सुईसारखी दिसते ती हिरवी काडी असते, पान नाही. दोन बोटांत धरून हलकेच ओढली तर ती सांध्यावर सुटते, आणि सांध्याभोवती बारीक दातांची कड दिसते. ते दात म्हणजे सुरूची पानं. एवढ्याशा पानांतून पाणी फारसं उडत नाही, म्हणून वाळू आणि खारा वारा त्याला सोसतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यामुळे निकृष्ट पुळणीतही खताशिवाय तग धरतो. वाऱ्याला अडोसा म्हणून दोन ओळी, ओळींत सहा फूट आणि झाडांत पाच-सहा फूट, एकाआड एक लावाव्यात. अशी भिंत थोडी झिरपती असते आणि तेच हवं. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करतो. झिरपत्या भिंतीतून गेलेला वारा मंदावतो, आणि साधारण उंचीच्या दहापट अंतरापर्यंत त्याचा फायदा मिळतो. म्हणजे वीस फुटी सुरूमागे दोनशे फूट. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडची नारळ-सुपारीची आगरं आडवी केली. तसं वादळ झाडांची कुठलीच रांग थोपवू शकत नाही. पण दर पावसाळ्यात पोफळींची झापं फाडणारा आणि एरवी आंब्याच्या कलमांचा मोहोर करपवणारा रोजचा वारा या रांगेने नक्की निवतो.

सुरूचं कापीव कुंपणही होतं. त्यासाठी रोपं दोन फुटांवर लावावीत आणि तीन फुटांची झाली की लगेच कात्री लावावी. उशीर केला तर जमत नाही, कारण जुन्या जाड लाकडातून तो नीट फुटत नाही. सुरूखाली पडलेल्या काड्यांच्या थरात दुसरं फारसं काही उगवत नाही, त्यामुळे फुलझाडांचा वाफा चार-पाच फूट दूरच ठेवा.

कोयनेल आपल्या किनाऱ्याचीच आहे. खाडीकाठी, खाजणाच्या कडेला आपोआप वाढते. पांढऱ्या नळीदार फुलांतून बाहेर डोकावणारे लांब जांभळट केसर ही तिची ओळख. पान कडू, त्यामुळे शेळीदेखील नाक मुरडते. रोप विकत घ्यायचीही गरज नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, आठ-नऊ इंचांच्या काड्या कापायच्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, आणि मृगाचा पाऊस लागला की दोन तृतीयांश जमिनीत खोचायच्या. एक फुटावर एक, दोन ओळींत एकाआड एक. उलटी खोचलेली काडी फुटत नाही, म्हणून कापतानाच वरचं टोक सपाट ठेवलं तर घोळ होत नाही. दुसऱ्या पावसाळ्याअखेर तीन-चार फुटांचं दाट कुंपण मिळतं. उणीव दोन. सहा फुटांच्या वर ती उभी राहत नाही, अंगाबाहेर पसरते. आणि पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी कापावी लागते. कापायला माणूस मिळणार नसेल तर ती लावू नये, वर्षभरात झुडपांचं रान होतं.

समुद्रासमोरच्या जागेसाठी आमची पसंती या दोघांच्या जोडीला. समुद्राच्या अंगाला कोयनेल, तिच्यामागे पाच फुटांवर सुरू. वारा उतारावरून चढल्यासारखा वर सरकतो आणि सुरूच्या उघड्या बुंध्यांमधली जागा कोयनेल झाकते.

मागच्या हद्दीला भरपूर जागा असेल तर मानगा बांबू लावा. सिंधुदुर्गात तो पिढ्यान्‌पिढ्या बांधावर आहे, बिनकाट्याचा, भरीव काठीचा, आणि पुढे काठी विकलीही जाते. शेराची जुनी वई मात्र लहान मुलांच्या घराभोवती नको. त्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

रोप निवडताना सगळ्यात उंच रोप बाजूला ठेवा. पाच बाय सात इंची पिशवीत चार फुटांचं रोप म्हणजे मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असणार. पिशवीच्या तळाच्या भोकांतून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत गेलं असेल तर ते रोप उचलतानाच अर्धं तुटतं. घ्यावं ते दीड-दोन फुटांचं, बुंधा करंगळीएवढा, तळापासून फांद्या असलेलं. एक पिशवी फाडून बघू द्या असं विकणाऱ्याला सांगा, तिचे पैसे द्या. मुळं पांढरट आणि मातीत पसरलेली दिसली तर तोच लॉट घ्या. गोल फिरलेली असली आणि दुसरा पर्याय नसेल तर, लावताना मुळांच्या गोळ्याच्या बाजूंना ब्लेडने तीन-चार उभे, अर्धा इंच खोल काप द्यावेत. ते न केल्यास मूळ त्याच वळणाने जाड होत जातं आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात झाड मुळापाशी फिरून आडवं पडतं. घाटावरून आलेली रोपं आली तशी लावू नका. आठ-दहा दिवस शेडनेटखाली किंवा आंब्याखाली ठेवून मग उन्हात आणा.

सुरूसाठी सामाजिक वनीकरण विभागाची रोपवाटिका आधी बघावी. दिखाऊ नसते, पण कुंपणाला हवी तशी लहान, तगडी रोपं तिथे मिळतात.

लागवडीत कोकणातली रोपं मरतात ती बहुधा तहानेने नाही, बुडून. कातळात दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर मारला की पावसाळ्यात त्याचा हौद होतो. मेलेलं रोप उपटून मूळ बोटांत धरून बघा. काळपट साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि मागे दोऱ्याएवढा गाभा राहतो. ही मूळकूज. वरची पानं सुकलेली दिसतात म्हणून त्याला आणखी पाणी घातलं जातं. तळाला खडी घातली की निचरा होतो ही समजूतही चुकीची, कारण पाण्याला बाहेर वाट नसेल तर ते खडीतच साचून राहतं आणि मुळांना मिळणारी मातीची जागा तेवढी कमी होते. चराला एका दिशेने उतार द्यावा आणि दर पंधरा-वीस फुटांवर त्याच खोलीचा पाट बाहेर काढून द्यावा. कातळ फारच सपाट असेल तर चर एक फूटच ठेवून वर फूटभर उंच वरंबा करावा आणि त्यावर लावावं.

भरण्यासाठी दोन घमेली मातीला एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि रोपामागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड, १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, म्हणून हे खत वर न टाकता मुळांच्या पातळीला मिसळावं. कच्चं शेण घातलं तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. भरलेली माती जमिनीपासून सहा इंच उंच ठेवा, पहिल्या पावसात ती खाली बसते. पुळणीत उलटा प्रश्न, पाणी थांबतच नाही. तिथे चराच्या तळाला नारळाच्या सोडणांचा थर पोकळ बाजू वर करून लावावा, ओल धरून राहते.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन आतपर्यंत भिजली की लावायला घ्यावं. पहिल्या सरीला लावून मग आठवडाभर उघडीप मिळाली तर रोपं तापतात. पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एकच यायला हवी. बुंधा मातीत पुरला तर पावसात कुजतो. हद्दीपासून अडीच-तीन फूट आत लावा, म्हणजे पलीकडची बाजू कापायला शेजाऱ्याच्या आवारात जावं लागणार नाही.

आणि आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ती कापणी. सिझिजियम, कोयनेल, कुंती यांचा शेंडा लागवडीनंतर महिन्याभरात, नवी पालवी दिसली की, वरून एक तृतीयांश उडवावा. इथे हात थरथरतो, कारण उंचीसाठी पैसे मोजलेले असतात. पण शेंडा शाबूत राहिला तर झाडाचा जोर वरच जातो आणि खालचे डोळे झोपलेले राहतात. पुढे दर आठ-दहा इंच वाढीमागे अर्धी वाढ कापत वर चढायचं. कुंपणाचा तळ माथ्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चार-पाच इंच रुंद ठेवा. माथा रुंद झाला की खालच्यावर सावली पडते, आणि ते रिकामे दोन फूट येतात ते यातूनच. उभ्या अशोकाला यातलं काही लागू नाही, त्याचा शेंडा तसाच राहू द्या. मोठी कापणी नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर. मेच्या मध्यावर हलकी, म्हणजे वाऱ्याला धरायला कमी पसारा राहतो. जुलैच्या झडीत जाड फांद्या कापू नका, ओल्या जखमेतून फांदी मागे मरत येते. कात्रीला धार हवी. बोथट कात्रीने पान चिरडतं आणि दोन दिवसांत सगळ्या कडा तपकिरी दिसतात.

पहिल्या उन्हाळ्यात जांभ्यावर रोपामागे आठ-दहा लिटर पाणी दर तीन-चार दिवसांनी, पुळणीत तीन-चार लिटर रोज. ठिबक असेल तर १६ मिलिमीटरच्या नळीवर दोन-दोन फुटांवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर पुरतात. पातेऱ्याचं (गळलेल्या सुक्या पानांचं) तीन-चार इंच आच्छादन घाला, बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश) खत पहिल्या वर्षी रोपामागे २५ ग्रॅम लागवडीनंतर महिन्याने आणि ५० ग्रॅम सप्टेंबरअखेर. नुसता युरिया नको, लुसलुशीत उंच वाढ होते आणि त्यावर पिठ्या ढेकूण येतो. मुसळधार पावसात टाकलेलं खत पाटातून वाहून जातं. किनाऱ्याजवळ फेब्रुवारीनंतर आठवड्यातून एकदा सकाळी पानांवर गोड्या पाण्याचा फवारा मारला तर साठलेलं मीठ धुतलं जातं. पानाची फक्त समुद्राकडची कड जळलेली असेल तर ते मिठाचं काम समजावं. सगळीकडून जळाली असेल तर पाणी किंवा खत चुकलेलं असतं.

किती रोपं घ्यायची, तर पन्नास फुटांना दोन फुटांच्या अंतराने २६, आणि वर तीन जादा. जादा रोपं मोठ्या पिशवीत भरून त्याच कुंपणाशेजारी वाढवा आणि कुंपणाबरोबरच कापत राहा. पहिल्या वर्षी एखादं रोप जातंच. पुढच्या मृगात त्या जागी रोपवाटिकेतलं नवं लहान रोप लावलं तर दोन्ही शेजारी त्याला सावलीत दाबतात आणि तिथली फट तशीच राहते. वाढवलेलं जादा रोप त्यांच्या बरोबरीचं असतं. ते लावण्याआधी शेजारच्या दोन झाडांच्या या बाजूच्या फांद्या फूटभर मागे कापा, पहारीने त्यांची आत आलेली मुळं तोडा, जुनी माती दोन घमेली बाहेर काढून नवी भरा, आणि मेलेल्या रोपाची मुळं चराबाहेर नेऊन जाळा.